कानशिलाकडची सावली

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता घराघरांत इतकी परिचयाची झाली आहे की तिची धास्ती जवळजवळ संपली आहे. सकाळी डोळ्यात थेंब, दुपारी शस्त्रक्रिया, सायंकाळी घरी परत, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली की समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथीदेखील वाचता येते. गोंदियाच्या धान बाजारातील एखाद्या पेढीवरचे सत्तरी ओलांडलेले बाबूजी आठवडाभरात पुन्हा गादीवर येऊन बसतात. घरच्यांच्या लेखी प्रकरण संपलेले असते.

बाबूजींच्या लेखी मात्र ते संपलेले नसते. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर उजव्या कानशिलाच्या बाजूला, नजरेच्या अगदी काठावर, चंद्रकोरीच्या आकाराची एक काळसर सावली उभी दिसते. कुणी शेजारी येऊन उभे राहिले असे वाटून ते मान वळवतात. तिथे कुणी नसते. आणखी दोन दिवसांनी पुन्हा तसेच. मुलगा त्यांना डॉक्टरांकडे नेतो, डॉक्टर डोळा तपासतात, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून घेतात आणि सर्व ठीक असल्याचे सांगतात. घरी आल्यावर मुलगा म्हणतो, "बाबूजी, सहा बाय सहा नजर आली आहे, आता सावली कसली?" त्या दिवसापासून बाबूजी सावलीविषयी बोलणे बंद करतात. ती दिसत मात्र राहते.

असे बाबूजी अनेक घरांत असतात, आणि खरी काळजी त्यांच्या सावलीपेक्षा त्यांच्या मौनाची आहे. ज्याच्या बोलण्यावर घरच्यांनी एकदा विश्वास ठेवला नाही, तो दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला सहसा तयार होत नाही. शिवाय पुढे कधी डोळ्यात खरोखरच घातक सावली उतरली, तरी "पुन्हा तेच म्हणतील" या संकोचाने तो चार दिवस गप्प राहतो. त्या चार दिवसांत डोळा हातचा जाऊ शकतो.

ही कानशिलाकडची सावली मनाचा खेळ नव्हे. नेत्रवैद्यकात तिला 'निगेटिव्ह डिसफोटोप्सिया' असे नाव आहे. सन २००० मध्ये अमेरिकी नेत्रशल्यविशारद जेम्स डेव्हिसन यांनी तिचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात मांडले. २००८ मध्ये रॉबर्ट ओशर यांनी २५० डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी १५.२ टक्के रुग्णांनी अशी सावली दिसत असल्याचे सांगितले होते. वर्षभराने हे प्रमाण ३.२ टक्के आणि दोन वर्षांनी २.४ टक्के राहिले. म्हणजे आरंभी दर सहा-सात जणांत एकाला ती दिसते आणि बहुतेकांची पुढे आपोआप विरते. विशेष हे की ज्यांना ती दिसली त्यांच्या शस्त्रक्रियेत कुठलाही दोष नव्हता. भिंग जागेवर, जखम भरलेली, डोळ्यामागचा पडदा निरोगी.

मग ती येते कुठून? माणसाचे नैसर्गिक भिंग सुमारे ९ मिलिमीटर रुंद आणि वयोमानाने चांगलेच जाड झालेले असते. ते बाहुलीला जवळजवळ टेकून असते. त्याच्या जागी बसविले जाणारे कृत्रिम भिंग साधारण ६ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम १ मिलिमीटर जाड. साहजिकच बाहुली आणि भिंग यांच्यामध्ये थोडी पोकळी राहते. समोरून येणारा प्रकाश भिंगातूनच जातो, त्यामुळे अक्षरे आणि चेहरे स्वच्छ दिसतात. कानशिलाच्या बाजूने अगदी तिरका येणारा प्रकाश मात्र दोन वाटांनी आत शिरतो. काही किरण भिंगातून जाऊन वळतात, काही भिंगाच्या कडेबाहेरून न वळता सरळ निघून जातात. या दोन वाटांच्या मधोमध पडद्याची एक अरुंद पट्टी प्रकाशाविना राहते. दोन दिव्यांच्या उजेडाची वर्तुळे जमिनीवर एकमेकांना भिडली नाहीत, तर मध्ये जशी काळोखाची फट उरते, तसाच हा प्रकार. तीच फट रुग्णाला चंद्रकोर म्हणून दिसते.

भर उन्हात ती अधिक जाणवते. प्रखर प्रकाशात बाहुली आकुंचते आणि फट ठळक होते. मे महिन्यात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असताना, राइस मिलच्या मोकळ्या आवारात उभे राहणाऱ्याला ती त्रास देते आणि सायंकाळी घरात बसल्यावर ती नाहीशी झाल्यासारखी वाटते. घरच्यांचा संशय यामुळेच बळावतो: दुपारी दिसते आणि रात्री दिसत नाही, म्हणजे भासच. वास्तविक हीच तिची खूण आहे. दुसरी खूण अशी की हाताचा पंजा कानशिलाशी आडवा धरून बाजूचा उजेड अडविला, तर सावली बरीचशी फिकी होते किंवा जाते. रुंद काड्यांचा चष्मा याच कारणाने अनेकांना आराम देतो आणि तो साध्या चष्म्याच्या दुकानातही मिळतो.

कालांतराने मेंदू या फटीकडे दुर्लक्ष करायला शिकतो. भिंग ज्या पातळ पिशवीत बसविलेले असते तिची कडही काही महिन्यांत धूसर होते आणि कडेचा प्रकाश पसरवून फट बुजवते. काहींची सावली दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर कमी झाल्याचेही आढळले आहे. थोड्यांची वर्षभरानंतरही जात नाही. त्यांच्यासाठी उपाय आहेत: भिंगाची कड पिशवीच्या पुढे आणून बसविणे, किंवा क्वचित आणखी एक भिंग घालणे. मात्र उघडलेला डोळा पुन्हा उघडणे ही लहान गोष्ट नसल्याने चांगला शल्यविशारद आधी काही महिने वाट पाहायला सांगतो. वाट पाहा असे सांगणे आणि तुम्हाला काही झालेले नाही असे सांगणे, यांत फार मोठे अंतर आहे. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ते बऱ्याचदा पुसले जाते. तेव्हा कुटुंबीयांनीच धीटपणे विचारावे: ही सावली भिंगाच्या कडेमुळे आहे, की पडद्याशी तिचा संबंध आहे?

सावलीची एक उलट बहीणही आहे. तिच्यात काळोखाऐवजी जास्तीचा उजेड दिसतो. कंसाकार चमक, दिव्यातून निघणाऱ्या लांब रेघा, डोळ्याच्या कोपऱ्यात क्षणभर चकाकून जाणारी वीज. मंद प्रकाशात बाहुली विस्फारते, भिंगाची कड उघडी पडते आणि कडेवर आपटलेला प्रकाश पडद्यावर विखुरतो. सायंकाळी देरासरात गेलेल्या आजीबाईंना दीपकाच्या ज्योतीतून छतापर्यंत रेघ गेलेली दिसते ती यामुळे. गंमत अशी की या त्रासाला जबाबदार असलेली भिंगाची चौकोनी कड मुद्दाम तशी घडविलेली आहे. पूर्वीच्या गोल कडेमागे पेशी वाढत आणि पिशवी लवकर धुरकट होत असे. चौकोनी कडेने ती वाढ रोखली, बदल्यात रेघा दिल्या. सौदा एकंदरीत फायद्याचाच झाला.

हा त्रास नवा वाटतो, कारण अपेक्षा बदलल्या आहेत. पन्नास वर्षांपूर्वी शिबिरात डोळा करून आलेल्या माणसाला जाड, फुगीर काचांचा चष्मा मिळे, लोक त्याला सोडावॉटरच्या बाटलीचा चष्मा म्हणत. त्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या दिसत, सरळ दाराची चौकट वाकलेली दिसे आणि बाजूने येणारा माणूस एकदम नाहीसा होऊन एकदम समोर प्रकटे. तरीही कुणी तक्रार करीत नसे. आंधळेपण गेले हेच पुष्कळ होते. लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसविले. युद्धात विमानाच्या छताचे अ‍ॅक्रिलिक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. पण भिंग सामान्य माणसापर्यंत पोहोचायला आणखी बराच काळ जावा लागला. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र आणि शेजारच्या मध्य प्रदेशासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यानंतर जाड चष्म्याची जागा भिंगाने घेतली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. तेव्हाच्या रुग्णाला नवी नजर वेगळी असणार हे ठाऊक असे. आजच्या रुग्णाला ती तारुण्यातल्यासारखी असेल असे सांगितलेले असते.

व्यापारी घरांत आणखी एक तक्रार ऐकू येते आणि तिचा संबंध थेट धंद्याशी असतो. रंग बदलतात. म्हातारे होताना नैसर्गिक भिंग पिवळे पडत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. हे इतके हळूहळू घडते की माणसाला कळत नाही. पिवळा काच निघाला की निळा आणि पांढरा रंग एकदम उसळून येतो. तळहातावर तांदळाचा नमुना घेऊन केवळ रंगावरून उसना आणि अरवा ओळखणारा, दाण्यावरची पिवळसर झाक पाहून मालाचा भाव ठरविणारा मिलमालक अशा वेळी गोंधळतो. सगळाच तांदूळ त्याला पांढराशुभ्र दिसतो. सराफाला सोने फिके वाटते. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर एक डोळा मिटून पाहिल्यास दागिन्याला एक रंग, दुसरा मिटून पाहिल्यास दुसरा. हा दोष नसून उलट नव्या डोळ्याचाच रंग खरा असतो. मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे, कधी महिने लागतात. तोवर मालाची पारख दिवसाच्या उजेडात करावी आणि सोबत मुलाचे किंवा मुनीमजींचे डोळे घ्यावेत, एवढे पुरे.

फ्रान्सचा विख्यात चित्रकार क्लोद मोने याला हाच धक्का बसला होता. १९१२ मध्ये मोतीबिंदूचे निदान होऊनही त्याने अकरा वर्षे शस्त्रक्रिया टाळली. १९२३ मध्ये डॉ. शार्ल कुतेला यांनी त्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया केली. त्या काळी भिंग नव्हते. रंग विपरीत दिसतात, सर्व काही निळे दिसते, अशी त्याची तक्रार होती. रंगीत काचांचे चष्मे बदलून पाहिले गेले आणि हळूहळू तो सावरला, पुन्हा कमळतळ्याची चित्रे रंगवू लागला. डावा डोळा मात्र त्याने अखेरपर्यंत करू दिला नाही. रंगांवर आयुष्य घालविलेल्या माणसाची ही कथा. गादीवरच्या बाबूजींनी दुसरा डोळा नाकारला तर त्यात नवल काय?

महागड्या भिंगांविषयीही थोडे सांगायला हवे, कारण सधन घरांत तीच प्रथम सुचविली जातात. जवळचे आणि दूरचे दोन्ही चष्म्याविना दाखविणारी मल्टिफोकल भिंगे प्रकाश अनेक वर्तुळांत विभागतात, त्यामुळे रात्री प्रत्येक दिव्याभोवती कडी दिसतात. वसुली आटोपून रात्री देवरी किंवा सडक अर्जुनीहून राष्ट्रीय महामार्ग ५३ वर स्वतः गाडी चालवीत परतणाऱ्याला समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकचे दिवे अशा कड्यांनी वेढलेले दिसले, तर चष्म्याविना वर्तमानपत्र वाचण्याचे सुख त्याला महाग पडेल. दिवसभर घरात वाचन-स्वाध्याय करणाऱ्या आजींना मात्र तेच भिंग सोयीचे ठरू शकते. मालाची किंमत वापरावरून ठरते हे व्यापाऱ्याला सांगायला नको, पण दवाखान्यात गेल्यावर तोच व्यापारी सर्वांत महाग ते सर्वोत्तम मानून सही करतो.

आता त्या सावलीविषयी, जिच्यासाठी एक दिवसही थांबू नये.

भिंगाच्या कडेची चंद्रकोर शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांतच दिसू लागते, त्याच जागी राहते आणि वाढत नाही. पडदा सुटू लागला तर येणारी सावली याच्या उलट वागते. ती काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनी अचानक येते. तिच्याआधी बहुधा डोळ्यात विजा चमकतात, काळे ठिपके किंवा काजळीचे कण एकदम पुष्कळ तरंगू लागतात. मग एका बाजूने पडदा सरकत यावा तशी सावली काही तासांत किंवा दिवसांत मध्याकडे सरकते. कानशिलाशी हात धरून ती जात नाही. ज्यांना पूर्वीपासून मोठ्या उणे क्रमांकाचा चष्मा आहे त्यांना हा धोका अधिक. पडद्याचा मधला भाग सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर नजर बरीचशी वाचते, नंतर झाली तर तितकी परत येत नाही. पडद्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांसाठी गोंदियाच्या कुटुंबाला बहुधा नागपूर गाठावे लागते. रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, सकाळी निघून दुपारी तपासणी होते. "रविवारी दुकान बंद असते, तेव्हा जाऊ" असे म्हणण्याचा हा प्रसंग नव्हे.

दुसरी घातक गोष्ट याहून लवकर येते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत डोळा दुखू लागला, लाल झाला आणि आलेली नजर पुन्हा मंदावू लागली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. रात्र असली तरी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा.

याउलट महिन्या-दीड महिन्याने मधली नजर धूसर झाली तर पडद्याच्या मध्यावर सूज आली असण्याची शक्यता असते. मधुमेहींत ती अधिक आढळते. आणि वर्षा-दोन वर्षांनी सगळेच धुरकट दिसू लागले तर बहुधा भिंगामागची पिशवी गढुळलेली असते. तीवर काही मिनिटांचा लेझर पुरतो. याला लोक मोतीबिंदू परत आला म्हणतात. तो परत येत नसतो.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण शस्त्रक्रिया न केलेला मोतीबिंदू हे होते, आणि ७.२ टक्के कारण शस्त्रक्रियेतील वा नंतरची गुंतागुंत. पहिला आकडा शस्त्रक्रिया टाळू नये असे सांगतो. दुसरा नंतरची तक्रार ऐकून घ्यावी असे सांगतो. शिबिरात शस्त्रक्रिया घडविणाऱ्या संघांनी आणि मंडळांनीही दुसऱ्या आकड्याकडे पाहावे. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाला आणायला गाडी असते, महिनाभराने तपासणीला नेण्यासाठी ती बऱ्याचदा नसते.

तपश्चर्या करणाऱ्या घरांत थेंबांचा प्रश्न हमखास येतो. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे थेंब घालावे लागतात, आरंभी दिवसातून अनेकदा, सूर्यास्तानंतरही. डोळ्यातला थेंब नाकावाटे घशात उतरतो आणि कडवट चव लागते. त्यामुळे उपवासात किंवा चौविहार असताना तो घालावा की नाही, असा संकोच श्राविकांना वाटतो आणि काहीजणी कुणाला न विचारता थेंब बंद करतात. असे करू नये. गुरुमहाराजांना आणि डॉक्टरांना शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे, आणि जमेल तर शस्त्रक्रियेची तारीखच पर्युषणाच्या बरीच आधी किंवा नंतर धरावी. थेंब घातल्यावर नाकालगतचा डोळ्याचा कोपरा हलकेच मिनिट-दोन मिनिटे दाबून धरल्यास औषध घशात फारसे उतरत नाही. ही पद्धत डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी, म्हणजे बुबुळावर दाब येणार नाही.

तपासणीला जाताना नुसते "सावली दिसते" म्हणू नये. कागदावर दोन गोल काढावेत, एकेक डोळा मिटून पाहावे आणि सावली जिथे दिसते तिथे पेन्सिलीने काळे करावे. खाली तारीख, ती प्रथम केव्हा दिसली, उन्हात वाढते की अंधारात, हात आडवा धरल्यावर जाते की राहते, एवढे लिहावे. पंधरा दिवसांनी दुसरा कागद. दोन्ही चित्रे सारखी असली तर डॉक्टरांचे अर्धे काम होते. सावली मोठी झालेली दिसली तर वाट न पाहता निघावे. चित्रे सारखी असली तरीही बाहुली औषधाने मोठी करून पडदा एकदा तपासून घ्यावा, ही खात्री घरी होत नाही. आणि शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले भिंगाचे कार्ड, ज्यावर भिंगाची कंपनी, क्रमांक आणि शक्ती छापलेली असते, ते औषधांच्या रिकाम्या खोक्यांबरोबर फेकले जाऊ देऊ नये. नागपूरचे डॉक्टर प्रथम तेच मागतात.